अठ्ठेचाळीस चुकांची यादी

लाँड्रीच्या वरच्या मजल्यावरील त्या दोन खोल्यांत सकाळपासून शास्त्रींचे पाऊल एका जागी ठरत नव्हते. खिडकीपासून दारापर्यंत अकरा पावले, दारापासून टेबलापर्यंत सहा. ही मोजदाद त्यांनी हेतुपूर्वक केली नव्हती. सकाळभराच्या येरझाऱ्यांत ती आपोआप झाली होती. खालच्या इस्त्रीची उष्ण वाफ जिन्याने वर येत होती आणि खिडकीच्या काचेवर धुक्यासारखी साचत होती. शास्त्री ती काच रुमालाने पुसत, क्षणभर रस्त्याकडे पाहत, आणि पुन्हा दाराकडे वळत.

शास्त्री हे त्यांचे आडनाव नव्हे. वेबसाइट बांधणे हा त्यांचा व्यवसाय. आणि त्या व्यवसायाचे जे सर्वमान्य नियम आहेत, ज्यांना जाणकार वेबची मानके म्हणतात, त्यांच्यावर त्यांची निष्ठा अढळ होती. पानावरचा मथळा हा मथळा म्हणूनच लिहिलेला असावा, नुसता मोठ्या अक्षरांत रंगवलेला नसावा. प्रत्येक चित्रामागे त्याचे शब्दांतले वर्णन असावे. फॉर्ममधील प्रत्येक रकान्याला त्याचे नाव बांधलेले असावे. असे झाले म्हणजे कोणत्याही फोनवर, कोणत्याही यंत्रावर, डोळ्यांनी वाचणाऱ्याला आणि कानांनी ऐकणाऱ्याला ते पान सारखेच उमगते. ज्यांना कधी पाहिलेले नाही अशा माणसांसाठी आधीच करून ठेवलेली ही सोय शास्त्रींना एखाद्या व्रतासारखी पवित्र वाटे. धाकट्या बहिणीने एकदा थट्टेने त्यांना ‘आमचे शास्त्रीबुवा’ म्हटले, आणि ते नाव गिऱ्हाइकांपर्यंत पोचून जे चिकटले ते चिकटलेच.

ती धाकटी बहीणच गेली नऊ वर्षे त्यांची भागीदार होती. बांधायचे भावाने आणि गिऱ्हाईक आणायचे बहिणीने, अशी वाटणी. आणि आज ती वाटणी राहते की मोडते, याचा निर्णय सायंकाळी पाच वाजता व्हायचा होता. शहरातील एका मोठ्या कंपनीने तिला नोकरीसाठी बोलावले होते, आणि पाच वाजता त्यांचा फोन येणार होता.

“दादा, बस की जरा. फरशी झिजेल.”

“बसलोच आहे.”

“उभा आहेस.”

शास्त्री खुर्चीच्या कडेवर टेकले. लगेच त्यांचा उजवा पाय हलू लागला.

“आज तो शब्द नाही हं काढायचा,” धाकटी म्हणाली.

“कुठला?”

“माहीत आहे तुला कुठला.”

“मानकं हा काय अपशब्द आहे?”

“गिऱ्हाइकापुढं आहे. चपलावाल्याला आठव. बिचाऱ्यानं एवढंच विचारलं, साइट झाल्यावर माझ्या चपला खपतील का? आणि तू त्याला पाऊण तास नियमांचा इतिहास सांगितलास. नमनालाच घडाभर तेल! नाटक सुरू व्हायच्या आत माणूस पसार.”

“त्याला ते समजलं नाही, त्याला मी काय करू?”

“त्याला समजून घ्यायचंच नव्हतं, दादा. त्याला चपला विकायच्या होत्या.” तिने पर्सचा बंद घट्ट केला. मग आवाज खाली आणून म्हणाली, “हे बघ, आजचं काम मिळालं तरच राहीन, असं मी म्हणत नाही. कामं येतात, जातात. नऊ वर्षं मी माणूस आणून तुझ्यापुढं बसवते, आणि तू त्याच्या डोक्यावरून पलीकडे कुठंतरी बघत बोलतोस. आज एकदा समोरच्या माणसाकडं बघशील का, तेवढं मला बघायचंय. नाहीतर मी जाते. भांडण नाही. दमले मी.”

ती जाईल ही कल्पना शास्त्रींना गेले आठ दिवस रात्रंदिवस कुरतडत होती. ती गेली तर गिऱ्हाईक कोण आणील, ही भीती होतीच. परंतु त्याहून खोल भीती निराळी होती. पलीकडच्या टेबलावर कोणी नसेल, ‘दादा, बस की जरा’ असे म्हणणारे कोणी नसेल, त्या खोलीत आपण किती पावले चालत राहू, हा विचार त्यांना सोसवत नसे.

“शब्द काढणार नाही,” ते म्हणाले. “वचन.”

वचन त्यांनी मनापासून दिले. मात्र खांद्याला अडकवलेल्या पिशवीत तीन पानांची एक यादी होती, आणि तिच्याविषयी ते काही बोलले नाहीत. ही त्यांची जुनी रीत होती. पहिल्या भेटीला जाण्यापूर्वी ते त्या गिऱ्हाइकाची चालू साइट तपासत. काही चुका यंत्राकडून काढून घेत, काही स्वतः शोधत, आणि सगळ्या क्रमांक घालून स्वच्छ छापून नेत. दुसऱ्यांच्या पिशवीत कामाचे नमुने असतात. शास्त्रींच्या पिशवीत समोरच्याच्या चुका असत. वचन दिले ते शब्दाविषयी, यादीविषयी नव्हे, असे समाधान त्यांनी जिना उतरता उतरता करून घेतले. मनुष्य स्वतःची समजूत घालू लागला की त्याच्याइतका निष्णात वकील दुसरा नसतो.

त्या दिवशीचे गिऱ्हाईक म्हणजे वजनकाटे तयार करणारा आणि दुरुस्त करणारा एक लहानसा कारखाना होता. मालकीणबाई सत्तरीच्या घरातल्या. हा व्यवसाय त्यांना वडिलांकडून आला होता, आणि सारा बाजार त्यांना काटेवाल्या बाई म्हणत असे. त्यांच्या खोलीत एक लांब दगडी मेज होते. त्यावर मखमलीच्या खाचांत पितळी वजने निजवलेली होती, आणि ती उचलण्यासाठी शेजारी चिमटा ठेवलेला होता, कारण बोटाच्या घामाचेदेखील वजन होते. एका काट्याची तपासणी चालू असल्यामुळे पंखा बंद होता आणि खिडक्याही लावलेल्या होत्या. त्या निश्चल उकाड्यात शास्त्रींच्या कानशिलांवरून घाम ओघळू लागला.

“पाय हलवू नका हो,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “काटा हलतो.”

शास्त्रींनी दोन्ही हातांनी आपला गुडघा दाबून धरला.

धाकटीने बोलायला सुरुवात केली. ती फार सुरेख बोलत असे. काट्यांची छायाचित्रे कशी मोठी दिसतील, जुन्या गिऱ्हाइकांचे चार शब्द कुठे येतील, दुरुस्तीची मागणी घरबसल्या कशी नोंदवता येईल, हे तिने नेमके आणि थोडक्यात सांगितले. बाईंनी सारे ऐकून घेतले.

“ते ठीक आहे. पण आहे त्या साइटमध्ये वाईट काय आहे, ते सांगा ना.”

“तसं वाईट नाही, मावशी. जरा जुनी वाटते, एवढंच.”

“जुनी तर मीही आहे.”

धाकटी हसली, बाई हसल्या नाहीत. त्या उत्तराची वाट पाहत होत्या. शास्त्रींना ती शांतता असह्य झाली. उत्तर पिशवीत तयार असताना प्रश्न असा ताटकळत ठेवावा, हा त्यांना अधर्म वाटला. हात पिशवीकडे गेला, धाकटीने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला, आणि तरीही यादी बाहेर आली.

“अठ्ठेचाळीस,” शास्त्री म्हणाले.

“काय अठ्ठेचाळीस?”

“चुका. ज्यानं कोणी ही साइट बांधली असेल, रागावू नका, पण त्याच्या कामाला काही शिस्तच नव्हती.”

“त्याच्या नाही. तिच्या,” बाई म्हणाल्या. “मी बांधली ती. जाडजूड पुस्तक आणलं, दोन वर्षं रोज दुपारी बसले, आणि बांधली.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे शास्त्रींना झाले. त्यांनी बहिणीकडे पाहिले नाही. पाहण्याची गरजही नव्हती. ती पर्सचा बंद सोडत आहे आणि पुन्हा लावत आहे, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळत होते. गेली, ती मनातल्या मनात गेली, असे त्यांना वाटले.

बाईंनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली, आणि यादी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. एखाद्या काट्याचा तपासणी अहवाल वाचावा तशा त्या वाचत होत्या. घाईने नव्हे आणि रागानेही नव्हे. मधूनच पेन्सिल थांबे. “हे म्हणजे?” त्या विचारत. शास्त्री सांगत. “आणि हे?” तेही सांगत. भिंतीवरचे घड्याळ टकटक करीत होते, आणि शास्त्रींच्या डोक्यात दुसरे एक घड्याळ पाचाकडे धावत होते.

“बरं,” शेवटी बाई म्हणाल्या. “तुमच्या स्वतःच्या साइटमध्ये किती निघतात?”

“एकही नाही.” या उत्तराचा त्यांना नेहमी अभिमान वाटे, आणि आजही तो लपला नाही.

“एकही नाही?” बाईंनी चष्म्यावरून पाहिले. “अहो, जो दुकानदार म्हणतो की माझ्या काट्यात शून्य चूक, त्याचा काटा मी आधी उलटा करून बघते.”

धाकटीला हसू फुटले. तिने ते खोकल्यात लपवले.

“आमच्या धंद्यात,” बाई सांगू लागल्या, “प्रत्येक काट्याला चुकायची मर्यादा दिलेली असते. लिहिलेली असते. बटाटे तोलायच्या काट्याला पाच ग्रॅम इकडे तिकडे चालतं. तेवढीच चूक सोनाराच्या काट्यात निघाली तर त्याला दुकानात ठेवू देत नाहीत. म्हणजे चूक किती, हे नुसतं विचारून चालत नाही. कोण तोलतंय आणि काय तोलतंय, ते आधी विचारावं लागतं. आता सांगा, तुमच्या ह्या अठ्ठेचाळीसांतल्या कुठल्या माझ्या गिऱ्हाइकाच्या पारड्यात पडतात?”

शास्त्रींनी तोंड उघडले. त्यांना प्रत्येक चूक पाठ होती. तिचा क्रमांक, तिचा नियम, त्या नियमामागचे कारण, सारे मुखोद्गत होते. पण हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नव्हता.

“तशा सगळ्याच,” ते चाचरत म्हणाले.

“सगळ्या म्हणजे एकही नाही. असं बोलणारा तपासनीस मी ठेवत नाही.”

आता उठायचे आणि निघायचे एवढेच उरले, असे शास्त्रींना वाटत असताना शेजारी पर्स पुन्हा उघडली गेली. धाकटीने एक लहान, कोपरे दुमडलेली वही बाहेर काढली.

“मावशी, मी एक सांगू? परवा मी तुमच्या चार गिऱ्हाइकांकडे जाऊन आले. दुरुस्तीचा फॉर्म भरून दाखवा म्हटलं, आणि नुसती बघत उभी राहिले. तो नाक्यावरचा धान्यवाला आहे ना, त्यानं काटा किती किलोचा ते लिहिलं, तीनशे. आणि तो आकडा जाऊन पडला दुकान नंबराच्या रकान्यात. मागच्या महिन्यातही असंच झालं होतं म्हणाला.”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “तीनशे! अगं, माझा कारागीर भर उन्हात दोन तास तीनशे नंबर शोधत हिंडला. त्या अख्ख्या रस्त्यावर दुकानं चाळीस! मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. फोनवर चांगली झाडली मी त्याला.”

“एकतिसावी!” शास्त्री ताडकन उठले. मेजावरील काटा थरथरला. “यादीतली एकतिसावी! तुम्ही रकान्यांना हातानं क्रमांक दिले होते, कुठल्यानंतर कुठला ते. मग मागाहून मधे दोन रकाने नवे घातलेत, आणि क्रमांक मात्र तेच राहिले. फोनवर ‘पुढे’ दाबलं की माणूस भलत्याच रकान्यात जातो, आणि आत लिहिलेली फिकट सूचना टाइप करायला लागलं की पुसली जाते, म्हणजे आपण कुठं आलो ते त्याला कळतच नाही. ती बाविसावी!”

“बसा, बसा. काटा हलतो.”

ते बसले, पण त्यांची नजर बहिणीच्या वहीवर खिळली होती. पानापानावर तिचे बारीक, तिरपे अक्षर होते. कोण कुठे अडला, कोणी काय पुटपुटत फोन खिशात टाकला, कोणाला कोणते अक्षर दिसले नाही. ही वही नऊ वर्षे तिच्या पर्समध्ये होती, आणि आपण ती एकदाही मागून पाहिली नाही, ही जाणीव त्यांच्या मनाला फार लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांच्या नियमांना जी माणसे हवी होती ती तिच्या वहीत होती, आणि तिच्या माणसांना जे औषध हवे होते ते त्यांच्या यादीत होते. पण दोन कागद शेजारी शेजारी ठेवावेत हे दोघांपैकी कोणालाच सुचले नव्हते.

“एक विचारू?” त्यांना राहवेना. “तुमच्या काट्यावर सरकारी शिक्का असतो. तो बघून गिऱ्हाईक येतं का हो?”

बाईंनी थोडा विचार केला. “शिक्का पाहून काटा घ्यायला आजवर एकही माणूस आला नाही. येतात ते विचारतात, टिकेल का, आकडे लांबून दिसतील का. पण शिक्का नसलेला काटा घेऊन एकही माणूस गेला नाही, हेही खरं.” मग त्यांनी यादी परत केली. “साइट माझी आहे, माझीच राहू दे. फॉर्म तेवढा तुम्ही दोघं नवा करा. चाललं तर पुढचं बघू. आणि ही यादी घेऊन जा, शास्त्रीबुवा. ज्या चुका चालण्यासारख्या असतील त्या खोडून परत आणा. माझ्या हातची आहे म्हणून सोडू नका, आणि तुमच्या हातची नाही म्हणून धरू नका.”

रस्त्यावर आले तेव्हा सव्वाचार वाजले होते. शास्त्री दोन पावले पुढे जात, थांबत, तिची वाट पाहत, आणि पुन्हा पुढे जात.

“शब्द मात्र मी काढला नाही,” शेवटी ते म्हणाले.

“नाही. तीन पानं भरून छापून आणलास.” ती हसली नाही, पण स्वरातली धार थोडी बोथट झाली होती. “तिच्या तोंडावर सांगितलंस, कामाला शिस्त नाही म्हणून! दादा, माणूस निदान विचारतो तरी, कोणी बांधली म्हणून.”

“चुकलं.”

“मर्यादेत की मर्यादेबाहेर, तेच मोजतेय.”

शास्त्रींनी एका बंद दुकानाच्या कठड्यावर यादी पसरली, खिशातून पेन काढले, आणि उभ्याउभ्याच ओळी खोडायला लागले. पहिली रेघ मारायला वेळ लागला. दुसरी सोपी गेली. पाहता पाहता अकरा ओळी गेल्या, मग सतरा. ज्या नियमांसाठी त्यांनी अनेकांशी वाद घातले होते त्यांच्यावर स्वतःच्याच हाताने रेघ मारताना त्यांना वेदना होत होती. तथापि हात थांबत नव्हता.

“थांब,” धाकटीने त्यांचे मनगट धरले. “ही का खोडलीस?”

“अक्षरांचा रंग फिकट आहे, ती? म्हटलं, अगदीच कडक नको.”

“मुळीच खोडायची नाही ती. धान्यवाल्याच्या दुकानात समोरून ऊन येतं. फोन असा तिरपा धरतो बिचारा, तरी त्याला दिसत नाही. ही राहिलीच पाहिजे.”

शास्त्रींनी मान वर करून तिच्याकडे पाहिले. “नियम आहे म्हणून?”

“ऊन आहे म्हणून.”

त्यांनी त्या ओळीपुढे ‘राहू द्या’ असे लिहिले, पेन खिशात टाकले आणि घड्याळ पाहिले. साडेचार वाजून गेले होते. तू काय ठरवलेस, हा प्रश्न ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला, आणि त्याच्या जागी दुसरेच बोलले.

“त्याच्याकडे नेशील मला? धान्यवाल्याकडे. मला बघायचंय, तो कसा भरतो ते.”

तिने पर्स खांद्यावर सारली. “आत्ता?”

“आत्ता.”

नाक्यावरचे ते दुकान अरुंद आणि खोल होते. पोत्यांच्या थप्पीमधून जेमतेम एक माणूस आत जाईल एवढी वाट, कोपऱ्यात तो तीनशे किलोंचा काटा, आणि पिठाची धूळ उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होती. धान्यवाला स्टुलावर बसला होता.

“काका, तो फॉर्म परत एकदा भरून दाखवता का?” धाकटीने विचारले.

“परत? गेल्या वेळी त्यापायी काटेवालीच्या शिव्या खाल्ल्या मी. आणि हे कोण?”

“माझा भाऊ. फॉर्म बांधतो.”

“मग यालाच भरायला लावा की! जो स्वयंपाक करतो त्यानं आधी खाऊन बघावं.” असे म्हणत म्हणत त्याने फोन काढला, तिरपा धरला, आणि पिठाने माखलेला जाड अंगठा त्या काचेवर टेकवला.

शास्त्री त्याच्या खांद्यामागे उभे राहिले. हात त्यांनी पाठीमागे बांधले होते. नाव भरून झाले. अंगठा ‘पुढे’ या खुणेवर पडला, आणि पान उडी मारून भलतीकडेच गेले. शास्त्रींच्या घशाशी शब्द आला. अंगठा चाचपडत खाली गेला, वर आला, फिकट अक्षरांवर थबकला. एक वाक्य बोलले असते तर सारे मार्गी लागले असते. पायाची बोटे बुटांत आवळली गेली, मानेवरून घामाचा थेंब घसरला. एवढा वेळ गप्प उभे राहण्याची त्यांच्या देहाला सवयच नव्हती.

त्याच क्षणी धाकटीचा फोन वाजू लागला. तिने पडद्यावरचे नाव पाहिले. पण फोन कानाला लावला नाही. ती भावाकडे पाहत राहिली.

“अहो साहेब,” धान्यवाला वैतागून मागे वळला, “तुम्हीच बांधता ना हे? मग सांगा की, आता हे कुठं गेलं?”

शास्त्रींना ते ठाऊक होते. कुठे गेले, का गेले, कोणत्या क्रमांकाने गेले, सारे ठाऊक होते. फोन वाजतच होता. ते गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकले, धान्यवाल्याच्या चेहऱ्याजवळ चेहरा आणला, आणि त्याच्या डोळ्यांत पाहत म्हणाले, “तुम्हीच सांगा काका, तुम्हाला काय वाटलं, कुठं जायला हवं होतं?”

“मला?” धान्यवाला चकित झाला. मग अंगठ्याने हनुवटी खाजवत, पिठाचा पांढरा ठिपका उमटवत तो विचार करू लागला. “मला वाटलं, बघा हं...”

धाकटी पोत्यांना पाठ लावून उभी होती. तिने फोन कानाला लावला.

“नमस्कार. हो, पाचच वाजले... नाही, मी येत नाही... हो, नक्की... कारण ना? आत्ता नाही सांगता येणार, इथं एक काका बोलतायत. ठेवते.”